ठाण्याच्या त्या पॉइंट गार्डविषयी: नेरूळच्या आपल्या बास्केटबॉल मंडळाच्या कार्यकारिणीला खुले पत्र

मा. अध्यक्ष, सचिव, कार्यकारिणीचे सर्व सभासद आणि प्रशिक्षक सर,

सप्रेम नमस्कार.

ठाण्याच्या त्या सतरा वर्षांच्या पॉइंट गार्डला, म्हणजे बॉल वर आणून खेळ चालवणाऱ्या खेळाडूला, आपल्या पुरुष संघात घेण्याचा ठराव येत्या रविवारच्या बैठकीत येतो आहे, हे आता गुपित राहिलेलं नाही. त्याच्या खेळाच्या क्लिप्स खेळाडूंच्या ग्रुपवर फिरताहेत. पालक एकमेकांना विचारताहेत. आणि ज्याची जागा जाणार असं सगळे धरून चालले आहेत, तो आपला मुलगा सरावाला येतो, कुणाशी न बोलता खेळतो आणि निघून जातो. म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे. कोर्टाच्या कडेला उभं राहून सगळेच ज्याविषयी बोलताहेत, त्याची चर्चा निदान नीट व्हावी.

माझं मत आधीच सांगते. त्या मुलाला आपण आणावं असं मला वाटतं. पण ज्या कारणासाठी तुम्ही त्याला आणायला निघाला आहात ते कारण मला पटत नाही, आणि ज्या वाटेने निघाला आहात ती वाट तर मुळीच पटत नाही.

कारण सगळ्यांच्या तोंडी एकच आहे: पोरगा सामन्याला पंचवीस-तीस गुण करतो. ते खरं आहे. मी आपल्या स्कोअर टेबलवर बसते. त्याच्या संघाशी आपला सामना झाला तेव्हाही बसले होते, आणि नंतर ठाण्यातल्या खुल्या स्पर्धांना टेबलावर मदतीला गेले तेव्हाही त्याचे सामने लिहिले. त्याच्या गुणांमध्ये खोट नाही. कुणी दुबळ्या संघाविरुद्ध आकडे फुगवले असं म्हणत असेल तर ते चूक आहे, चांगल्या संघांविरुद्धही त्याने ते केलं आहे. डाव्या हाताने लेअप, उजव्या हाताने लेअप, ड्रिबल थांबवून मारलेला जंपशॉट, सगळं आहे त्याच्याकडे. त्या वयात इतकं मी आपल्या भागात फार थोड्या मुलांकडे पाहिलं.

पण आपला स्कोअरशीटचा कागद डोळ्यांसमोर आणा. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, अधिकृत स्कोअरशीटवर दोन गुणांच्या बास्केटला तिरकी रेघ, फ्री थ्रोला भरीव ठिपका आणि तीन गुणांच्या शॉटला खेळाडूच्या नंबराभोवती गोल. पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल शाईत, दुसरा आणि चौथा निळ्या किंवा काळ्या. शिवाय खेळाडूंचे फाऊल, संघाचे फाऊल, टाइमआउट. असिस्टला, म्हणजे ज्यावरून बास्केट झालं त्या पासला, त्या कागदावर जागा नाही. टर्नओव्हरला, म्हणजे बॉल हरवण्याला, नाही; रिबाउंडला, म्हणजे हुकलेला शॉट पकडण्याला, नाही. मोठ्या स्पर्धांत या गोष्टी टिपायला वेगळी माणसं बसतात. आपल्याकडे टेबलावर चार माणसं जमवताना पुरेवाट होते, आणि त्यांतलाही एक जण शॉट घेण्याची चोवीस सेकंदांची मुदत मोजणारं घड्याळ नसल्यामुळे हातात स्टॉपवॉच धरून सेकंद ओरडत असतो.

याचा परिणाम असा होतो की आपल्या भागात पॉइंट गार्ड चांगला की वाईट हे गुणांवर ठरतं, कारण लिहिले जातात ते फक्त गुण. दोघांच्या मधून नेमका पास काढून सेंटरला बास्केटखाली मोकळं करून देणाऱ्या मुलाचं नाव त्या कागदावर कुठेच उमटत नाही. बास्केट सेंटरच्या नावावर पडतं. आणि ज्या मुलाने चार वेळा बॉल हरवून पाचव्यांदा बास्केट केलं, त्याच्या नावापुढे फक्त ते पाचवं दिसतं. अशा कागदावरून आपण संघाचा सर्वांत महत्त्वाचा खेळाडू निवडायला बसलो आहोत.

तरीही तो कागद नीट वाचला तर थोडं काही सांगतो. या मुलाचे गुण पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये भरभरून आहेत. चौथ्यात ते विरळ होतात, आणि जे असतात त्यांत ठिपके जास्त, रेघा कमी. म्हणजे शेवटच्या दहा मिनिटांत त्याचा जंपशॉट जात नाही. तो बास्केटकडे घुसतो, फाऊल काढतो आणि फ्री थ्रोवर गुण मिळवतो. मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे आणि त्याचं कारणही कोर्टावर दिसतं. बॉल तोच वर आणतो, शॉट तोच घेतो, समोरचा सर्वांत जलद खेळाडू अडवायला तोच जातो. त्याला दोन मिनिटं बाहेर बसवायचं तर त्याच्या संघात बॉल आणणारा दुसरा कुणी नाही. तो मुलगा दमतो. त्याला आपण आणलं आणि तसाच वापरला, तर आपल्याकडेही तो दमेल, आणि चौथ्या क्वार्टरमध्ये आपण आज जिथे आहोत तिथेच असू.

आणि आपलं दुखणं नेमकं चौथ्या क्वार्टरमध्येच आहे. गेल्या हंगामातले हरलेले सामने आठवा. त्यांतल्या बहुतेकांत तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी आपण पुढे होतो किंवा बरोबरीत. गुण करणारे आपल्याकडे आहेत: दोन्ही फॉरवर्ड बाहेरून मारतात, सेंटरला बास्केटजवळ बॉल मिळाला तर तो चुकत नाही. आपण कोसळतो ते समोरच्याने फुल कोर्ट प्रेस लावला, म्हणजे पूर्ण कोर्टभर अंगावर येऊन अडवायला सुरुवात केली, की. आठ सेकंदांत अर्धी रेषा ओलांडायची असते. आपला गार्ड बॉल घेतो, लगेच दोघे जण त्याला कडेच्या रेषेपाशी कोंडतात, बाकीचे चौघे पुढे पळून गेलेले असतात, आणि मग एकतर आठ सेकंद संपतात नाहीतर तो घाईचा उंच पास समोरच्याच्या हातात जातो. अशा चार-पाच वेळांत बारा गुणांचा फरक पडतो. त्या वेळी आपल्याला तीस गुण करणारा नको असतो. दोघांच्या कोंडीत डोकं शांत ठेवून तिसरा मोकळा माणूस बघणारा हवा असतो.

आता इथे एक गोष्ट त्या मुलाच्या बाजूने आहे, आणि ती तुमच्यापैकी कुणी मांडलेली मी ऐकली नाही. जो गार्ड सतत गुण करतो त्याच्याकडे बचाव करणारे आपोआप ओढले जातात. सेंटरने येऊन स्क्रीन लावली, म्हणजे अडवणाऱ्याच्या वाटेत तो उभा राहिला, गार्ड त्याला घासून पुढे गेला, की साध्या खेळाडूच्या मागे एकच जण पळतो, सेंटरला अडवणारा आपल्या माणसापाशी थांबू शकतो. पण या मुलाला एकट्यावर सोडायची कुणाची छाती नाही. दुसराही त्याच्यावर धावतो. ज्या क्षणी दोघे एकावर आले त्या क्षणी उरलेल्या कोर्टावर चारांना तिघेच अडवत असतात. कुणीतरी मोकळा असतोच, हे साधं गणित आहे. गुण करणाऱ्या चांगल्या गार्डची खरी किंमत त्याच्या तीस गुणांत नसते, त्या तीस गुणांच्या धाकाने मोकळ्या झालेल्या चौथ्या माणसात असते. अट एवढीच की त्याला तो माणूस दिसला पाहिजे, आणि दिसला तर अर्ध्या सेकंदात बॉल सोडावासा वाटला पाहिजे.

या मुलाला तो दिसतो का? मी सांगते मला काय दिसलं. त्याला दिसतो. मी टेबलावरून त्याचं डोकं वळताना पाहिलं आहे. दोघे आले की तो कोपऱ्यात नजर टाकतो, आणि मग तरीही शॉट घेतो, कारण कोपऱ्यात उभा असलेला त्याचा सहकारी हातात आलेला बॉल सोडेल किंवा शॉट बास्केटला लागणारसुद्धा नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक आहे. त्याला स्वार्थी म्हणणारे आपल्या बाकावर बसलेले काही जण मी ऐकले. मला ते अन्यायाचं वाटलं. आपल्या फॉरवर्डसारखे शॉट मारणारे कोपऱ्यात उभे असतील तर तो पास देईल की नाही, हे आज कुणालाच सांगता येणार नाही, त्यासाठी त्याला तशा माणसांबरोबर खेळवून पाहायला हवं. निवड चाचणीत त्याला एकट्याला शॉट मारायला लावून आणि कोर्टाच्या फेऱ्या पळवून काही कळणार नाही. आपल्या पाच जणांत त्याला मिसळा, समोर प्रेस लावा, आणि एक माणूस फक्त एवढंच लिहायला बसवा: दोघे आले तेव्हा त्याने काय केलं. मी बसायला तयार आहे.

एनबीएचं, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचं, उदाहरण द्यायचं तर फार लांब जायला नको. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स हे दोन संघ खेळून गेले. आपल्या मंडळातले काही जण ते पाहून आले होते. पहिला सामना जादा वेळेत गेला आणि पेसर्सने तो १३२-१३१ असा एका गुणाने जिंकला. किंग्जचा पॉइंट गार्ड तेव्हा डीॲरन फॉक्स होता, विजेसारखा जलद आणि गुण करणारा. पुढच्याच वर्षी किंग्जने टायरीस हॅलिबर्टन नावाचा दुसरा गार्ड निवडला, जो स्वतः कमी मारतो आणि दुसऱ्यांना जास्त खेळवतो. दोघांना एकत्र ठेवायचं की एकाला निवडायचं, असा प्रश्न आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये किंग्जने फॉक्स ठेवला आणि हॅलिबर्टन देऊन टाकला, तोही याच पेसर्सना, डोमांटास सबोनिसच्या बदल्यात.

किंग्जचं त्यात नुकसानच झालं असं म्हणणं खोटं ठरेल. पुढच्याच हंगामात ते २००६ नंतर पहिल्यांदा प्लेऑफमध्ये, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या विजेतेपदाच्या सामन्यांत, पोचले आणि फॉक्सने सामन्याला पंचवीस गुण केले. पण तिथून पुढे गाडी सरकली नाही, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत फॉक्सही सॅन अँटोनियोला गेला. त्याच वर्षी हॅलिबर्टनचे पेसर्स अंतिम फेरीत सातव्या सामन्यापर्यंत लढले. त्या हंगामात हॅलिबर्टनची सरासरी होती १८.६ गुण. आपल्याकडच्या स्कोअरशीटवर हा माणूस संघातला एक बरा खेळाडू एवढाच दिसला असता. त्याचे सामन्याला नऊहून जास्त असिस्ट आणि दोनहून कमी टर्नओव्हर आपण लिहिलेच नसते.

त्याहून जुना आणि आकड्यांत अधिक स्पष्ट असा एक दाखला २००१ चा आहे. न्यू जर्सी नेट्सकडे स्टेफॉन मारबरी होता, सामन्याला जवळजवळ २४ गुण करणारा तरुण पॉइंट गार्ड. तरी नेट्सने त्या हंगामात ८२ पैकी २६ सामने जिंकले. मग त्यांनी मारबरी फिनिक्सला देऊन जेसन किड घेतला. किडने पुढच्या हंगामात केले सामन्याला १४.७ गुण, म्हणजे मारबरीपेक्षा नऊ कमी. नेट्स जिंकले ५२ सामने, आणि २००२ व २००३ अशा लागोपाठ दोन वर्षी अंतिम फेरीत गेले. संघातले इतर बदलही त्याला कारण होते, हे मला मान्य आहे. पण गुण कमी करणारा गार्ड आणून विजय दुप्पट होतात, एवढं तरी त्यातून दिसतं.

आता मी फक्त माझ्या सोयीची उदाहरणं देते असं कुणी म्हणू नये. त्याच २०२५ च्या अंतिम फेरीत पेसर्सना हरवलं ते ओक्लाहोमा सिटी थंडरने, आणि त्यांचा पॉइंट गार्ड शे गिल्जस-अलेक्झांडर त्या हंगामात ३२.७ गुणांच्या सरासरीने पूर्ण लीगमध्ये पहिला होता. नियमित हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू तोच आणि अंतिम फेरीचाही तोच. तेव्हा गुण करणारा पॉइंट गार्ड संघाला जिंकून देत नाही, हा जुना समज आता धरून बसण्यात अर्थ नाही. मात्र थंडरने त्याला २०१९ मध्ये आणला तेव्हा तो वीस वर्षांचा होता. त्यानंतर २०२०-२१ मध्ये संघाने ७२ पैकी २२ सामने जिंकले आणि पुढच्या वर्षी ८२ पैकी २४. दोन वर्षं तळाशी. कुणी त्याला हाकललं नाही. विजेतेपद यायला सहा वर्षं लागली.

आपल्या कार्यकारिणीत तेवढा धीर आहे का, हे मला तुम्हालाच विचारायचं आहे. कारण ठरावामागचं बोलणं मी जे ऐकलं आहे ते या हिवाळ्यातल्या एका करंडकाचं आहे. पावसाळा संपून कोर्ट वाळले की ऑक्टोबर ते फेब्रुवारी एवढ्यात आपल्या सगळ्या स्पर्धा येतात, आणि तेवढ्या काळात हा मुलगा आपल्याला चषक आणून देईल असा हिशेब आहे. सतरा वर्षांच्या मुलाला पुरुष संघात आणून पहिल्याच हंगामात चषक मागणं हे त्याला तोडण्यासारखं आहे. त्याने पहिल्या दोन सामन्यांत बारा-बारा गुण केले तर काय होईल ते मला आजच दिसतं. ज्यांनी त्याला आणलं तेच म्हणतील, ठाण्यात चालत होता, इथे चालत नाही.

तर मग त्याला खेळवायचं कसं? यावर माझा एक ठाम प्रस्ताव आहे, आणि तो आपल्या सध्याच्या गार्डशी जोडलेला आहे. ॲलन आयव्हर्सन १९९६ मध्ये फिलाडेल्फियात आला तेव्हा पॉइंट गार्ड म्हणूनच आला. सहा फूट उंचीचा माणूस, दुसरं करणार काय? पण प्रशिक्षक लॅरी ब्राउन यांनी काही काळाने त्याला शूटिंग गार्डच्या, म्हणजे मुख्यतः शॉट घेणाऱ्या दुसऱ्या गार्डच्या, जागी सरकवलं आणि बॉल वर आणायचं काम एरिक स्नो नावाच्या खेळाडूकडे दिलं. स्नोचे गुण कमी असायचे. तो समोरच्या मोठ्या गार्डला अडवायचा, बॉल सुरक्षित वर आणायचा आणि आयव्हर्सनला पळत्या जागी हातात द्यायचा. २००१ मध्ये आयव्हर्सन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, संघाने ५६ सामने जिंकले आणि अंतिम फेरी गाठली. लेकर्सविरुद्धच्या पहिल्या सामन्यात त्याने ४८ गुण केले आणि तो सामना जिंकला. मालिका ४-१ ने गेली, ती गोष्ट वेगळी.

आपल्याकडे तो स्नो आधीच आहे. शिरवण्याहून सायकलने येणारा आपला मुलगा गुण करत नाही, हे खरं. पण तो समोरच्या गार्डला चाळीस मिनिटं श्वास घेऊ देत नाही, फाऊलात अडकत नाही, आणि कोपऱ्यातल्या फॉरवर्डला बॉल छातीवर मिळतो तो त्याच्याच हातून. प्रेसमध्ये तो अडकतो कारण तो एकटा असतो. त्याच्या शेजारी बॉल हाताळू शकणारा दुसरा गार्ड उभा राहिला तर समोरच्यांना कोंडायचं कुणाला हेच कळणार नाही. एकाकडे दोघे गेले की बॉल दुसऱ्याकडे. ठाण्याचा मुलगा दुसरा गार्ड म्हणून येऊ दे. बॉल आणण्याचं अर्धं ओझं उतरलं तर त्याचे पायही चौथ्या क्वार्टरपर्यंत टिकतील. दोघे मिळून आपला तो भोकाचा भाग बुजवू शकतात, दोघांपैकी एकटा कुणीही नाही.

म्हणून आपल्या मुलाची जागा गेली असं जे वातावरण तयार झालं आहे, ते आधी थांबवा. प्रशिक्षक सर, तुम्ही त्याच्याशी अजून बोलला नसाल तर रविवारच्या आधी बोला. तो दहा-अकरा वर्षांचा असल्यापासून आपल्याकडे आहे. त्याला ही बातमी ग्रुपवरच्या क्लिपमधून कळायला नको होती.

आता त्या ठाण्याच्या मुलाच्या अंगाने बघा. तो बारावीत आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याची बोर्डाची परीक्षा आहे, आणि आपले महत्त्वाचे सामने जानेवारी-फेब्रुवारीत. आपला सराव संध्याकाळी साडेसातला सुरू होतो आणि साडेनऊला संपतो. नेरूळहून ठाण्याची ट्रान्स-हार्बर गाडी, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, रबाळे, ऐरोली करत ठाणे स्टेशन. तिथून वर्तकनगरच्या बाजूला बस किंवा रिक्षा. घरी पोचायला अकरा, जेवून झोपायला बारा. सकाळी कॉलेज. आठवड्यातून पाच दिवस हे एका विद्यार्थ्याकडून करून घ्यायचं आणि वर चौथ्या क्वार्टरमध्ये तो ताजा राहावा अशी अपेक्षा करायची? आठवड्याला दोन सराव पुरेत, बाकीचे दिवस त्याने आपल्या घराजवळच्या कोर्टावर करावेत, आणि बोर्डाच्या काळात तो सामन्यांना आला नाही तर कुणी एक शब्द बोलायचा नाही. हे ठरावात लिहून घ्या. खेळाचं प्रमाणपत्र त्याला पुढे उपयोगी पडेल, राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, हे त्याच्या वडिलांना कुणीतरी सांगितलं असल्याचं कानावर आलं. ते आरक्षण खरं आहे. पण आपल्या एका स्थानिक करंडकाच्या प्रमाणपत्रावर ती नोकरी मिळते असं त्यांना वाटू देणं प्रामाणिकपणाचं नाही.

त्याच्या गुडघ्यांचाही विचार कुणीतरी करायला हवा. आपलं कोर्ट सिमेंटचं आहे, त्याचंही सिमेंटचंच. तो ज्या पद्धतीने हवेत जाऊन एका पायावर उतरतो ते पाहताना मला काळजी वाटते. डेरिक रोझ २०११ मध्ये बावीस वर्षांचा असताना एनबीएचा आजवरचा सर्वांत तरुण सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढच्या वर्षी २८ एप्रिलला प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात, शिकागो बुल्स बारा गुणांनी पुढे असताना आणि जेमतेम दीड मिनिट राहिलेलं असताना, त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला. त्यानंतर तो अनेक वर्षं खेळला, पण तो आधीचा रोझ पुन्हा दिसला नाही. सामना हातात आलेला असताना त्याला कोर्टावर का ठेवलं, हा प्रश्न तिथे लोक अजूनही विचारतात. शिकागोकडे डॉक्टरांचं पथक होतं. आपल्याकडे बर्फाची पेटी आणि स्प्रे आहे. या मुलाने एका सामन्यात जास्तीत जास्त किती मिनिटं खेळायचं ते आधी ठरवा, आणि ती मिनिटं मोजायचं काम टेबलाकडे द्या. आम्ही मोजू, आणि भरली की प्रशिक्षकांना सांगू.

आता वाटेविषयी, जिथे माझा खरा राग आहे. मंडळातल्या कुणीतरी त्या मुलाच्या वडिलांना थेट फोन केला आहे. बूट, प्रवासखर्च आणि स्पर्धेमागे काही रक्कम असं बोलणं झालं आहे. त्याच्या प्रशिक्षकांना मात्र यातलं काहीही कळवलेलं नाही.

त्या प्रशिक्षकांना मी ओळखते तेवढं तुम्हीही ओळखता. ठाण्यातल्या एका अर्ध्या कोर्टावर, एकाच बास्केटवर, ते पंचवीस-तीस मुलांना शिकवतात. हा मुलगा त्यांच्याकडे लहानपणी आला तेव्हा त्याला डाव्या हाताने ड्रिबल येत नव्हतं. आज आपण ज्याच्या क्लिप्स बघतो तो डावा हात त्या माणसाने घडवला आहे. त्यांना न सांगता, मागच्या दाराने, त्यांचा एकमेव गार्ड उचलून आणायचा? उद्या आपला चौदा वर्षांचा एखादा मुलगा वाशीच्या किंवा मुंबईच्या मोठ्या संघाने असाच नेला तर आपण काय म्हणू ते मला माहीत आहे, कारण तसं झालं तेव्हा आपण काय म्हणालो ते मी ऐकलं आहे.

त्यांच्याकडे जा. अध्यक्षांनी स्वतः जावं. मुलाच्या संघाची स्पर्धा असेल तेव्हा तो त्यांच्याकडून खेळेल, ते ज्या खुल्या स्पर्धांत उतरत नाहीत त्यांत आपल्याकडून, असं ठरू शकतं का ते विचारा. नोंदणीच्या नियमात काय बसतं आणि काय नाही ते सचिवांनी संघटनेकडून लेखी घ्यावं. आणि नुसतं मागायला जाऊ नका. आपल्याकडे पूर्ण कोर्ट आहे, दोन बास्केट आहेत. रविवारी सकाळी आपलं कोर्ट रिकामं असतं. त्यांच्या सगळ्या मुलांना महिन्यातून एकदा तिथे खेळू द्या. ज्या मुलांनी कधी पूर्ण कोर्टावर प्रेस पाहिलाच नाही, त्यांना तो बघायला मिळेल. त्या माणसाला बूट-पैशांपेक्षा याचं मोल जास्त वाटेल, असा माझा अंदाज आहे. ते नाही म्हणाले तर विषय तिथे संपवा. मुलगा अठरा-एकोणीसचा होईल, कॉलेज बदलेल, स्वतःहून विचारायला येईल, तेव्हा दार उघडं ठेवू.

पैशांचा विषय निघालाच आहे म्हणून एक बोलते. या मुलासाठी दर स्पर्धेमागे रक्कम काढता येते असं कळल्यावर आपल्या मुलींच्या संघातल्या दोघी माझ्याकडे आल्या. त्यांना नवे बॉल हवे आहेत आणि सरावाला साडेपाचच्या उन्हाऐवजी दिव्यांचा एक तास हवा आहे. कित्येक महिन्यांपासून मागताहेत, उत्तर एकच असतं, निधी नाही. निधी आहे, हे आता सगळ्यांना कळलं आहे. त्या मुलाला मी याचा दोष देत नाही. पण त्याच रविवारी, त्याच बैठकीत, मुलींचा दिव्यांचा तासही विषयपत्रिकेवर घ्या.

रविवारचा ठराव 'सदर खेळाडूस संघात घ्यावे' असा मांडू नका. तो 'सदर खेळाडूच्या प्रशिक्षकांशी आणि पालकांशी एकत्र बोलणी सुरू करावी' असा मांडा, आणि वडिलांशी झालेलं पैशांचं बोलणं मागे घेतल्याची नोंद त्याच इतिवृत्तात करा. तसा ठराव आला तर माझं मत त्याच्या बाजूने आहे, आणि ठाण्याला जाणाऱ्यांबरोबर यायलाही मी तयार आहे. त्या मुलाच्या सामन्यांच्या स्कोअरशीटच्या प्रती माझ्याकडे आहेत. चौथ्या क्वार्टरमध्ये काय होतं ते त्याच्या प्रशिक्षकांसमोर बसून बघता येईल, त्यांना त्याबद्दल आपल्यापेक्षा जास्त माहीत असणार. पहिल्या स्वरूपात ठराव आला, तर मी विरोधात हात वर करेन आणि कारण म्हणून हेच पत्र वाचून दाखवेन.

कळावे,

आपली,
स्कोअर टेबलवर बसणारी एक सभासद
नेरूळ, नवी मुंबई